खेळकर सेरिफ काढतेय: सुटी अक्षरं सुरेख, शब्द झाला की गोंधळ

वेलांटी:

नमस्कार मंडळी,

मी एक जाडजूड, मऊ कडांचा सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे आडवे पाय असलेला) फॉन्ट काढतेय. सध्या लॅटिन लिपीत, आणि फक्त मोठ्या आकारात वापरायचा: मुखपृष्ठं, पोस्टरं, एखाद्या खेळाचं नाव, असल्या कामांसाठी. परिच्छेद लावायला तो नाहीच. सेरिफांची टोकं गोलसर आहेत, जाड आणि बारीक भागांत भरपूर फरक आहे, आणि जागोजागी गमती केल्यात. कॅपिटल आरचा पाय ओळीखाली उतरून वळतो. क्यूची शेपूट पुढच्या अक्षराच्या खालून जाते. स्मॉल जीच्या कानाला गोळा आहे, स्मॉल आर आणि वाय थेंबावर संपतात, ईची आडवी दांडी तिरकी आहे.

एकेक अक्षर पानभर मोठं छापून पाहिलं की मन भरून येतं. पण शब्द टाइप केला की सगळं बिघडतं. इंग्रजी 'क्वेरी' शब्दात पाचपैकी चार अक्षरं एकाच वेळी बोलायला लागतात, एकाचंही ऐकू येत नाही. उलट 'मिनिमम' टाइप केलं तर ते कुठल्याही पुस्तकी सेरिफसारखं दिसतं. तो माझा फॉन्ट आहे हे कुणी ओळखणार नाही.

किती अक्षरांनी खोड्या कराव्यात याचा काही अंदाज असतो का? शेपट्या मूळ अक्षरालाच ठेवू की पर्यायी अक्षरांमध्ये टाकू? २४ पॉइंटला बारीक रेषा दिसेनाशा होतात, त्याचं काय करू? आणि पुढे याच स्वभावाची देवनागरी काढायची फार इच्छा आहे. तिथे लॅटिनसारखे सेरिफच नसतात, मग हा स्वभाव बसवायचा कुठे?

जुळारी:

वेलांटी, तुम्ही दिलेले दोन शब्द फार उपयोगाचे आहेत. मी असतो तर 'क्वेरी' काही काळ बाजूला ठेवून सगळं लक्ष 'मिनिमम'वर दिलं असतं.

इंग्रजी मजकुरात क्यू क्वचित भेटतो. ई, टी, ए, ओ, आय, एन ही अक्षरं मात्र सतत येत राहतात, आणि फॉन्टचा चेहरा घडतो तो यांच्यामुळे. तुमच्या सगळ्या गमती क्यू, वाय, जी, कॅपिटल आर अशा अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांकडे गेल्या आहेत आणि घरची माणसं गप्प आहेत. म्हणून ज्या शब्दात पाहुणे जमतात तिथे गोंगाट होतो, बाकी शब्द मुके राहतात. 'किती अक्षरांनी खोड्या कराव्यात' यापेक्षा 'खोडी कोणती, आणि ती एनमध्ये दिसते का' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

विंडसर हा फॉन्ट काढून बघा. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेने (धातूची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याने) तो १९०५ मध्ये बाजारात आणला, आरेखन एलिशा पेची यांचं. त्यात स्मॉल एन, एम आणि एच यांचा उजवा पाय सरळ खाली न येता बाहेरच्या बाजूला कलतो. ईची दांडी तिरकी आहे, तुमच्यासारखीच. शेपट्या नाहीत, वेलबुट्टी नाही. पण ज्या अक्षरांशिवाय ओळ पुढे सरकत नाही त्यांनाच हा कल दिल्यामुळे सबंध ओळ जरा डुलत चालल्यासारखी दिसते. त्यात 'मिनिमम' लिहून पाहा. तुमच्याकडे जो शब्द सर्वांत निर्जीव दिसतो, तो तिथे सर्वांत जिवंत दिसेल.

दुसरा पाहण्यासारखा म्हणजे कूपर ब्लॅक. ऑझवल्ड कूपर यांनी तो शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेसाठी काढला, १९२२ मध्ये. आजही तो दिसला की लोक हसतमुख होतात. त्यातलं एखादं अक्षर दाखवून 'गंमत इथे आहे' असं म्हणता येत नाही. प्रत्येक सेरिफ फुगीर आणि गोल टोकाचा, कोपरा म्हणून कुठे शोधून सापडायचा नाही, आणि ओच्या पोटातली मोकळी जागा मागे झुकलेली. हे दोन-तीन नियम शेवटपर्यंत पाळलेत. मला त्यातला हा शिस्तीचा भाग फार भावतो, कारण जाड अक्षराला गोल करणं सोपं आहे, पण एस, ए आणि जी यांच्यासारख्या अडचणीच्या अक्षरांतही तोच गोलपणा त्याच मापाने टिकवणं अतिशय कठीण आहे.

अभ्यासाला सर्वांत सोयीचा फ्रॉन्सेस. अंडरकेस टाइपचा हा व्हेरिएबल (एकाच फाइलमध्ये रूप हवं तसं बदलता येणारा) फॉन्ट विंडसर, सूव्हेनिर आणि कूपर यांच्याच घराण्यातला आहे आणि मुक्त परवान्याखाली मिळतो, म्हणजे फाइल एडिटरमध्ये उघडून एकेक बिंदू तपासता येतो. त्यात जाडी आणि ऑप्टिकल साइज (वापराच्या मापानुसार अक्षराचं रूप) यांच्या जोडीला आणखी दोन अक्ष, म्हणजे बदलता येणाऱ्या पट्ट्या, आहेत. 'सॉफ्ट' ० ते १०० जातो आणि टोकं मऊ करतो. 'वॉन्क' फक्त ० किंवा १. तो १ केला की सरळ छापातल्या एन, एम, एचचे पाय विंडसरसारखे कलतात. चालू-बंद करत एकच ओळ बघत बसा. खेळकरपणा कुठे राहतो ते डोळ्यांना आपोआप कळू लागेल.

तुमच्या फॉन्टची एक परीक्षा घ्या. सगळ्या शेपट्या, सगळे गोळे, सगळे थेंब तात्पुरते काढून टाका. उरलेल्या सांगाड्यात एन, ओ, ए, आय एवढ्याच अक्षरांचे शब्द लावा. तेवढ्यावर फॉन्ट प्रसन्न दिसला तर दागिने परत चढवा. नाही दिसला तर आधी एनच्या कमानीवर काम करा: ती दांड्यातून कुठून फुटते, खांदा किती भरदार आहे, उजवा पाय कुठे टेकतो. एन जमला की एम, एच आणि यू त्याच्यामागून येतात.

शेपट्या मूळ अक्षराला ठेवू नका, हे माझं ठाम मत. एड बेंग्विआट यांनी १९७५ मध्ये आयटीसी या फॉन्ट कंपनीसाठी बुकमन हा फॉन्ट नव्याने काढला तेव्हा त्याला भरपूर स्वॉश (लांब शेपट्यांची) अक्षरं दिली, पण ती पर्याय म्हणून. मूळ संच अगदी शांत आहे. तुम्हीही आर आणि क्यू यांची आखूड रूपं मूळ जागी ठेवा आणि लांब रूपं स्वॉश फीचरमध्ये किंवा स्टायलिस्टिक सेटमध्ये द्या. वापरणाऱ्याने ती मागून घ्यावीत. आणि दोन शेपट्या शेजारी येऊ नयेत एवढी काळजी फॉन्टनेच घ्यावी: कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्समध्ये नियम लिहा, की आधीचं अक्षर शेपटीचं असेल तर पुढचं साधं घ्यायचं. हे फीचर बहुतेक ठिकाणी आपोआप चालू असतं, त्यामुळे वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही.

मधलीजागा:

आकार जुळारींनी सांगितले, मी फक्त अंतरांबद्दल लिहितो, कारण 'शब्द विस्कटतो' या तक्रारीतला बराच भाग तिथला असतो.

आधी कर्निंग (ठरावीक जोड्यांपुरतं बदललेलं अंतर) पूर्ण काढून टाका. शून्य जोड्या. मग स्मॉल एन आणि ओ घेऊन एन-एन-ओ-एन-ओ-ओ अशा ओळी लावा, कॅपिटलसाठी एच आणि ओ घेऊन तशाच. दांड्याला दांडा, दांड्याला गोल, गोलाला गोल, या तिन्ही ठिकाणी पांढरी जागा डोळ्याला सारखी वाटेपर्यंत साइडबेअरिंग (अक्षराच्या दोन्ही बाजूंना राखलेली जागा) बदलत राहा. ते बसलं की बाकीची अक्षरं एकेक करून एन आणि ओच्या मध्ये घालून बघा. कर्निंगला हात लावायचा तो यानंतर. सुरुवातीलाच जोड्या दुरुस्त करत सुटलं तर एकाच्या दुरुस्तीने दुसरं बिघडतं आणि काम कधी संपत नाही.

थेंबाच्या टोकाचा स्मॉल आर हा या जातीच्या फॉन्टमधला सर्वांत त्रासदायक गडी. थेंब उजवीकडे बाहेर येतो, त्याच्या खाली मोठी पोकळी पडते, आणि पुढे ए किंवा ओ आला की थेंब वर चिकटलेला आणि खाली खड्डा. अंतर वाढवून हे सुटत नाही. थेंब थोडा आत ओढा आणि किंचित खाली उतरवा, आरची रुंदीच कमी करा. जाड वजनात आर आपल्याला वाटतो त्याहून खूप अरुंद लागतो.

आरचा पाय आणि क्यूची शेपूट यांच्यासाठी उजवं साइडबेअरिंग ऋण ठेवायला घाबरू नका. रुंदी ठरवायची ती अक्षराच्या मुख्य अंगावरून, शेपूट पुढच्याच्या खालून जाऊ दे. फक्त पुढे स्वल्पविराम, जे, जी, पी, वाय किंवा कंस आला तर टक्कर होते, तेवढ्या जोड्या सोडवा. धातूच्या खिळ्यात (छपाईच्या सुट्या अक्षरात) ही मोकळीक फार थोडी होती. अक्षराचा भाग खिळ्याच्या बाहेर काढला तर तो मोडायची भीती असायची. फोटोटाइपसेटिंग (फिल्मवरची अक्षरजुळणी) आलं आणि अक्षरं हवी तितकी जवळ आणता, एकमेकांवर चढवताही येऊ लागली. तुमच्या मनात सत्तरीच्या दशकातल्या मुखपृष्ठांचा जो दाटपणा असेल, तो तिथून आलाय.

आता २४ पॉइंट. समजा तुमची बारीक रेषा १००० युनिटच्या चौकटीत २० युनिट आहे. २४ पॉइंटला ती ०.४८ पॉइंट होते, म्हणजे जेमतेम ०.१७ मिलिमीटर. छपाईत, विशेषतः गडद रंगावर पांढरी अक्षरं उलटी काढली तर शाई पसरून ती बुजते. पडद्यावर २४ पिक्सेलला तीच रेषा अर्ध्या पिक्सेलची, म्हणजे फिकट करडी. याला आकाराची कितीही कारागिरी उपयोगी पडत नाही, हे गणितच आहे. धातूच्या काळात प्रत्येक मापासाठी ठसा वेगळा कोरत, लहान मापाला बारीक रेषा जाड ठेवत, अक्षरं थोडी रुंद करत. फ्रॉन्सेसमधला ऑप्टिकल साइजचा अक्ष ९ ते १४४ जातो तो याचसाठी. तुम्ही लहान मापासाठी दुसरा मास्टर (मूळ आरेखन) काढा: रेषा ४०-४५ युनिटच्या, ए आणि जीची पोटं मोकळी, अंतरं सैल. एवढं काम करायचं नसेल तर फॉन्टबरोबरच्या माहितीत '४८ पॉइंटच्या वर वापरा' असं ठळक लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

ठळक:

जुळारींचं म्हणणं पटतं, पण एक बाजू राहिली. मी फॉन्ट काढत नाही, वापरतो. मुखपृष्ठाला फॉन्ट निवडताना मी पुस्तकाचं नाव टाइप करतो, दोन किंवा तीन शब्द. तिथे भाषेत कुठलं अक्षर किती वेळा येतं याने मला फरक पडत नाही, माझ्या नावात कुठली अक्षरं आहेत याने पडतो. नावात आर असेल आणि त्या आरचा पाय सुंदर असेल तर मी त्याच क्षणी तो फॉन्ट घेतो. तेव्हा शेपट्या पर्यायांत टाका, पण फॉन्टच्या जाहिरातीच्या चित्रात त्या आधी दाखवा. पर्यायी अक्षरं आहेत हे अनेकांना कळतच नाही.

आणि दुसरं: नावं पुष्कळदा सगळी कॅपिटलमध्ये लावतात. सगळी गंमत स्मॉल एनच्या पायात असेल तर तिथे माझ्या हाती काय लागणार?

जुळारी:

ठळक, कॅपिटलचा मुद्दा अगदी खरा आहे, आणि मी तो लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. कॅपिटलना त्यांचा स्वतःचा नियम लागतो. तोही असा निवडावा की जास्तीत जास्त अक्षरांना लागू होईल. एक वाट म्हणजे गोल अक्षरांच्या पोटाचा कल: ओ, सी, जी, क्यू, डी यांना तो देता येतो. दुसरी म्हणजे कमरेची उंची. बी, ई, एफ, एच, पी, आर यांच्या मधल्या दांड्या सगळ्यांच्या एकत्र वर चढवल्या किंवा खाली उतरवल्या की नाव लगेच वेगळं बोलायला लागतं. दोन्ही वाटा एकदम नकोत. ज्याचं स्मॉल अक्षरांशी नातं लागेल ती घ्या. वेलांटींनी एनचा पाय बाहेर कलता ठेवला तर कॅपिटल एमचे पायही फाकवावेत, विंडसरमध्ये ते तसेच आहेत.

खोदीव:

थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच मुद्द्याची आहे. चौथ्या शतकात रोममध्ये पोप दमासस यांच्यासाठी फिलोकॅलस नावाच्या अक्षरकाराने शिलालेख घडवले. त्यात सेरिफांच्या टोकांना छोटे वळसे दिलेले आहेत. सजावट भरपूर, तरी वाचताना अडत नाही, कारण दांडा संपला की तोच वळसा, दर वेळी, त्याच मापाचा. एकोणिसाव्या शतकात पोस्टरांच्या टायपात दुभंगलेल्या सेरिफांची 'टस्कन' अक्षरं आली, तीही याच कुळातली म्हणता येतील. लाकडी टायपात तर त्यांना ऊत आला. डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये राउटरने लाकडी अक्षरं कापायला सुरुवात केली आणि मोठ्या मापाची अक्षरं स्वस्त झाली. त्यांतले सुंदर नमुने पाहिले की सेरिफ दुभंगलेले, दांड्याच्या मध्यावर एखादा काटा, आणि सांगाडा मात्र अगदी सरळसोट. वेलांटी, तुमचे गोळे आणि थेंब एकाच मापाचे आहेत का ते तपासा. जीच्या कानाचा गोळा, आरचा थेंब आणि वायचा थेंब एकमेकांवर ठेवून बघा. तिन्ही वेगवेगळे हाताने काढलेले असतील तर गोंगाटाचं एक कारण तेही असेल.

वेलांटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुळारींनी सांगितलं तसे दागिने उतरवून पाहिले. एनची कमान फार खालून फुटत होती, ती वर घेतली, खांदा भरला आणि पाय बाहेर कलता केला. 'मिनिमम' आता खरंच चालायला लागलंय! एमचा मधला पाय सरळ ठेवला, फक्त शेवटचा कलता. तिन्ही कलते केले तर तो घसरतोय असं वाटत होतं.

खोदीव, तिन्ही गोळे वेगवेगळेच निघाले. आता एकच थेंब काढून तो कंपोनंट म्हणून सगळीकडे लावतेय, मग जिथे गरज असेल तिथे थोडा फिरवीन.

देवनागरीबद्दल कुणी लिहाल का? एनचा कल म्हणजे कान्याचा कल असं मनात आलं. काना जवळजवळ सगळ्याच अक्षरांत असतो. तो खाली किंचित बाहेर वळवला तर पुरेल?

शिरोरेषा:

कान्यापासून सुरुवात करणं योग्यच आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही. ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ यांना पूर्ण उभा दांडा नाही, रलाही नाही. क आणि फचा दांडा मध्ये असतो. आणि जोडाक्षरं केली की त, न, म, स, ग यांची अर्धी रूपं कान्याशिवायच उभी राहतात. 'तन्मय'मधल्या अर्ध्या नला कल कुठून देणार? म्हणून स्वभावाचा अर्धा वाटा अक्षराच्या डाव्या अंगात ठेवा: न आणि मच्या गाठी, गच्या आकड्याचं टोक, तची कमान, रची शेपूट. तुमचा तो एकच थेंब इथे छान कामाला येईल. गच्या टोकाला, नच्या गाठीला, अनुस्वाराला आणि नुक्त्यालाही तोच ठेवा.

लॅटिनचे सेरिफ कापून कान्याच्या तळाशी चिकटवू नका. अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, तळाला पाटा दिला की वर आणि खाली दोन्हीकडे आडव्या रेघा होतात आणि ओळ पिंजऱ्यासारखी दिसते. कान्याचं टोक तिरकं कापलेलं किंवा फुगीर ठेवा, तेवढं पुष्कळ आहे. जाड-बारीक कुठे पडावं याचाही विचार लॅटिनवरून करू नका. देवनागरीचा बोरू वेगळ्या तिरपेने कापलेला असतो, त्यामुळे जाडीचा कल लॅटिनच्या उलट्या बाजूला पडतो. लॅटिनचा ओ आरशात धरून ठ काढता येत नाही, बोरूने दहा-वीस वेळा लिहून मगच काढावा.

पाहण्यासाठी दोन फॉन्ट सुचवते. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन: जाड-बारीकचा टोकाचा फरक दोन्ही लिप्यांत आहे, तरी दोघी आपापल्या हाताच्या वाटतात. 'एक टाइप' या संस्थेचा मोदक: अक्षरं इतकी जाड, की पोटातली मोकळी जागा नुसती रेघ होऊन राहते. त्यातलं ळ आणि क्ष पाहा, एवढ्या वजनात ते वाचता येतात हेच मोठं काम आहे.

उंचीचं नियोजन आताच करा. लॅटिन आरचा पाय जितका खाली उतरतो त्याहून उकार, ऋकार आणि जोडाक्षरं खाली जातात, आणि वर रफार, मात्रा, अनुस्वार एकावर एक बसतात. 'मूर्तींचे', 'वृद्धी', 'उत्कंठा', 'कुऱ्हाड', 'हृदय' हे शब्द पहिल्या दिवसापासून चाचणीच्या ओळीत ठेवा. 'कुऱ्हाड'मधला अर्धा र विसरला जातो, आणि मराठी वाचकाला तो नसलेला लगेच खटकतो. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवायची असतील तर ती लोकलाइज्ड फॉर्म्स फीचरमध्ये मराठीच्या नावाने घाला. वेबपानावर भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तर ती आपोआप येतात. फक्त मराठीसाठीच फॉन्ट असेल तर सरळ मूळ जागीच ठेवा.